बाया पाणी काहून पेत नाही

अपेक्षा नरवाडेला एका जागी बसवत नाही, हे फुलसावंगीत तिला लहानपणापासून पाहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. दहावीचा अभ्यास तिनं अंगणात येरझाऱ्या घालत केला, एम. ए.चाही तसाच. पुसदच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायला लागली, तर वर्गातही टेबलामागे उभी राहीना. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या आणि पोरंपोरी मान वळवून वळवून कंटाळायची.

अशा मुलीला अमरावतीला, विद्यापीठाच्या समितीसमोर, गार हवेच्या हॉलमध्ये एका खुर्चीवर बसून आपल्या पीएच.डी.चा आराखडा मांडायचा होता. विषय तिनं घाईत निवडलेला होता: ‘ग्रामीण महिलांच्या सबलीकरणात बचत गटांची भूमिका’. या नावाचे, किंवा याच्या मागेपुढे एखादा शब्द असलेले प्रबंध तिनं ग्रंथालयात कपाटभर पाहिले होते. इतक्या जणांचं झालं, आपलंही होऊन जाईल, असा सरळ हिशोब.

समितीतल्या एका पिकल्या केसांच्या सरांनी तिचे कागद चाळले आणि चष्मा काढून हातात घेतला.

"मॅडम, तुमची समस्या काय आहे?"

"सर, बचत गटांमुळे ग्रामीण महिलांचं सबलीकरण होतं..."

"हे तर उत्तर झालं. ते तुम्ही घरूनच ठरवून आणलंय. मग शोधणार काय?"

अपेक्षानं समोरच्या पानावर पाहिलं. उद्दिष्टांची यादी होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘अभ्यास करणे’ असं लिहिलेलं होतं. कशाचा अभ्यास, आणि न समजलेलं नेमकं काय, हे कुठल्याच ओळीत सापडेना.

"बरं, उद्देश सांगा," ते सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटलं. "हे सगळं कळलं तर कुणाला काय फरक पडणार आहे?"

ती काहीतरी बोलली. काय बोलली ते बाहेर आल्यावर तिलाच आठवेना. समस्या स्पष्ट करून पुढच्या बैठकीला या, एवढं मात्र नीट ऐकू आलं होतं. परतीच्या एसटीत जागा होती, तरी यवतमाळपर्यंत ती दाराजवळच्या दांडीला धरून उभीच राहिली. कंडक्टर दोनदा म्हणाला, "ताई, बसून घ्या ना." बसली असती तर रडू आलं असतं.

तिच्या मार्गदर्शक डॉ. शोभा पांढरीपांडे यवतमाळात राहायच्या. निवृत्तीला आलेल्या, बोलायला सौम्य, पण लाल पेनाच्या बाबतीत दयामाया नसलेल्या. अपेक्षा त्यांच्याकडे गेली तेव्हा त्या व्हरांड्यात मटार सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मला तो विषय आवडला नव्हताच. पण तुला इतकी घाई होती की मीही सही करून टाकली. चूक दोघींची."

"मग आता कोणता घेऊ, मॅडम?"

"विषय आणूच नकोस. एक वाक्य आण. तुला काय समजत नाही, ते एका वाक्यात सांग. तुला. समितीला नाही, मला नाही."

हे ऐकायला सोपं होतं. अपेक्षा दर आठवड्याला एक वाक्य घेऊन यवतमाळ गाठू लागली. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, हे घेऊन गेली. मॅडमनी विचारलं, "यात तुला न समजलेलं काय आहे?" नोकरी नसली की मुली नको म्हणतात, हे तर तिला समजलेलंच होतं, ती स्वतःच तीन स्थळं नको म्हणाली होती. मग ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं घेऊन गेली. "यावर उत्तम काम झालंय. त्यात कुठे खिंडार दिसतं तुला?" मॅडमनी विचारलं. तिनं ते वाचलेलंच नव्हतं. मग मोबाइल आणि गावातल्या सुना. मॅडम नुसत्या हसल्या.

दिवाळी आली आणि गेली. अपेक्षाला झोप नीट लागेना, जेवण नीट जाईना. कॉलेजात शिकवता शिकवता मध्येच थांबून ती खिडकीबाहेर पाहत राहायची. घरी आईनं काही विचारलं की अंगावर धावून जायची आणि मागाहून स्वतःवरच चिडायची. शेजारच्या ओसरीतून भांडण ऐकू आलं तर यात समस्या आहे का, सोयाबीनचा भाव पडला तर यात समस्या आहे का. ज्यात त्यात समस्या दिसू लागली, आणि हात लावायला गेलं की ती दुसऱ्याच कुणीतरी आधीच सोडवलेली निघायची.

वडील रामराव तसे शांत माणूस. वावर, बैलजोडी आणि संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात एक चहा, यापलीकडे त्यांचं जग नव्हतं. पोरीची ही तगमग पाहून एका सकाळी ते म्हणाले, "कापूस फुटून पडून राह्यला. मजूर भेटून नाही राह्यलं. रविवारी घरी आहेस तं चाल वावरात. डोकं थंड होईन."

ती गेली. आई विमलताई होती, तांड्यावरची बिजलीबाई आणि तिच्यासोबतच्या चार-पाच बाया होत्या. बिजलीबाई त्यांच्या वावरात वर्षानुवर्षं वेचणीला येत आलेली. बोलायला मोकळी, वेचायला सगळ्यांत पुढे. अपेक्षाचा हात मात्र संथ. बोंडाच्या वाळक्या पाकळ्या बोटांत घुसायच्या आणि ती दर दोन झाडांनी हात झटकायची. शेवटी आईच म्हणाली, "तू राहू दे वं. बायाईले पाणी दे."

बांधावर निंबाच्या सावलीत पाण्याची मोठी कॅन ठेवलेली होती. अपेक्षा तांब्या भरून ओळीओळीनं फिरली. उन्हं चांगलीच चढलेली. पहिलीनं एक घोट घेऊन तोंडातल्या तोंडात घोळवला आणि गिळला. दुसरीनं नुसते ओठ ओले केले. तिसरीनं तांब्या हातात घेतला, थोडं पाणी डोळ्यांवर मारलं आणि परत दिला. आईनं मानेनंच नको म्हटलं. रामराव पलीकडे गठ्ठे बांधत होते. त्यांनी उभ्या उभ्या अख्खा तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला.

अपेक्षाच्या लक्षात तेव्हा काहीच आलं नाही. आलं ते संध्याकाळी. कॅन घरी न्यायची म्हणून ती उचलायला गेली, तर ती जड लागली. झाकण काढून पाहिलं, पाणी निम्म्याच्याही वर. दिवसभर उन्हात वाकून काम करणाऱ्या इतक्या बाया, आणि पाणी उरलंच कसं? तिनं बिजलीबाईला विचारलं, "मावशी, तुम्ही पाणी काहून नाही पेत?"

बिजलीबाई ओढणीनं मान पुसत होती. "पेलं तं जा लागते. जावं कुठी? इकडं रस्ता, तिकडं सोयाबीन निंघून रान मोकळं."

"तिकडं तूर आहे ना उभी. दाट आहे."

"तुरीत डुकरं राह्यते."

सगळ्या हसल्या. कापसाची मोटली डोक्यावर घेऊन बिजलीबाई निघाली. अपेक्षा मात्र कॅन बांधावर तशीच ठेवून उभी राहिली. उत्तर मिळालं होतं, पण ते पुरेसं वाटत नव्हतं. त्या तुरीच्या कडेला दुपारी बाया भाकरी खायला बसल्या होत्या, तेव्हा डुकरांची आठवण कुणाला झाली नव्हती.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. मजुरी किलोवर असते, उठून गेलं की तेवढा कापूस कमी भरतो, म्हणून पीत नसतील, असं तिनं ठरवलं. पण मग आई? आई तर मालकीण. तिला कोण तोलून मजुरी देणार होतं? संडास नाहीत म्हणून, असं ठरवलं. मग अंगणवाडीत गेली. अंगणवाडीला संडास होता, नळ होता, कडी लागणारं दार होतं. सेविकाबाईंच्या खुर्चीशेजारी बाटली होती, भरलेली. "मीटिंग असते, पोरं असतात, राहूनच जातं," सेविकाबाई म्हणाल्या आणि स्वतःच जरा चमकल्या. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायांना विचारलं. तिथंही तेच. प्रत्येकीचं कारण वेगळं, आणि बाटली सगळ्यांचीच भरलेली.

आणि मग एका सकाळी पुसदच्या एसटीत बसल्यावर तिच्या मनात आलं, की आपण घरून निघताना चहासुद्धा अर्धाच घेतो. कॉलेजात स्त्रियांसाठी चांगलं स्वच्छतागृह होतं, स्टाफरूमच्या शेजारीच, आणि ते आतून कसं दिसतं हे तिला नीटसं आठवेना, कारण तिथं जायची वेळच कधी फारशी आली नव्हती. समाजशास्त्रात एम. ए. केलेली, नेट झालेली, वर्गात स्त्रियांच्या हक्कांवर तासन्‌तास बोलणारी बाई. ती सीटवरून उठली आणि उभी राहिली.

त्या शनिवारी ती यवतमाळला गेली ती चपला काढता काढताच बोलायला लागली. "मॅडम, शेतात काम करणाऱ्या बाया पाणी पीत नाहीत. जागा नसली तरी नाही, असली तरी नाही. का, ते मला समजत नाही."

शोभा मॅडम उठल्या. आत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "हा डॉक्टरांचा विषय नाही का?"

"पाणी न पिऊन शरीराचं काय होतं, तो डॉक्टरांचा. पण न पिणं..." अपेक्षा व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. "ते तर एकमेकींत राहून होतं ना, मॅडम. एकटीला तहान लागली तर ती पिईलच."

"खाली बस. मला मान दुखते तुझ्याकडे बघून."

ती बसली. मॅडमनी एकेक करून तिची सगळी कारणं मोडली. संडासाचा अभाव हेच कारण असेल तर संशोधनाची गरजच नाही, संडास बांधा. मजुरीची पद्धत कारण असेल तर मालकिणींचं काय ते सांग. लाज कारण असेल तर लाज कुणाची, बाईची की पुरुषाची, की दुसऱ्या बाईची? पूर्ण जिल्हा घेऊ नकोस, झरी जामणीच्या जंगलात राहणाऱ्या बाईची आणि तुझ्या गावातल्या बाईची गोष्ट एक असेलच असं नाही. तुझ्या फुलसावंगीचा महागाव तालुका घे. आणि उद्देश म्हणून ‘स्त्री सबलीकरण’ लिहून आणलंस तर फाडून टाकीन.

"मग काय लिहू?"

"खरं ते. पण आधी चार बायांशी नीट बसून बोल. रस्त्यात गाठून नाही. घरापासून सुरुवात कर."

घरापासून सुरुवात करणं हेच सगळ्यांत अवघड होतं. विमलताईंना चार वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. पुसदला ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगायच्या की टमाट्याच्या बियांनी झाला, आणि तेव्हापासून त्यांच्या घरच्या वरणात टमाटं पडलं नव्हतं. अपेक्षानं विषय काढला तेव्हा त्या तूर पाखडत होत्या.

"आई, तुले खडा झाला तेव्हा डॉक्टर काय म्हणे? पाणी कमी पेता म्हणे ना?"

"डॉक्टर सगळ्याईलेच म्हणते."

"तू वावरात पाणी काहून नाही पेत?"

सूप थांबलं. "हे तू लिवणार?"

"नाव नाही लिहीत कोणाचं."

"नोको लिहू," विमलताई म्हणाल्या. "हे का पुस्तकात लिवाची गोष्ट आहे? लोकाईत हसू होईन." आणि सूप पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.

हसू व्हायला पुस्तकाची वाट पाहावी लागली नाही. अपेक्षा बाजारात, अंगणवाडीत विचारत फिरली होती, ते गावात पसरलंच होतं. एका संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात कुणीतरी रामरावांना विचारलं, की तुमची मॅडम बायाईले कुठी बसता म्हणून विचारून राह्यली म्हणे, सरकार काय देणार आहे का बसाले? चार माणसं हसली. रामराव चहा तसाच टाकून घरी आले. अपेक्षा अंगणात होती.

"हे शिकाले तुले पुसदले पाठवलं का?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण हातातलं उपरणं ते पिळत होते. "बचत गटाचं चांगलं चालू होतं. थे सोडून हे काय काढलं?"

"थे चालू नव्हतं, बाबा. थे परत पाठवलं त्याईनं."

"तं दुसरं घे. जगात काय कमी आहे का? मले चौकात तोंड दाखवू देत नाही लोक."

ती उलट बोलणार होती. स्त्रियांचं आरोग्य, मानवी हक्क, सगळे शब्द जिभेवर आले होते. पण तिनं विचारलं ते वेगळंच. "बाबा, तुम्ही वावरात किती पाणी पेता?"

"लागन तितकं. हे काय विचारणं झालं?"

"अन्‌ आई?"

ज्या बाईसोबत तीस-बत्तीस वर्षं एका बांधावर भाकर खाल्ली, ती पाणी किती पिते हे रामरावांनी पाहिलंच नव्हतं. ते बैलांना कडबा टाकायला गोठ्यात निघून गेले.

पुढचे आठ-पंधरा दिवस अपेक्षाचे फार वाईट गेले. बापाला खाली पाहायला लावून पीएच.डी. करायची का, हा प्रश्न ती कॉलेजात, एसटीत, मोरीत, सगळीकडे सोबत घेऊन फिरत होती. बचत गटांचा जुना आराखडा तिनं पुन्हा बाहेर काढला. समस्येचं एक वाक्य त्यात घुसवलं, उद्दिष्टं फिरवली. बरा दिसत होता. यावेळी कदाचित पासही झाला असता. मॅडमना फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत कापून टाकला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. उलट मॅडमचाच फोन आला तेव्हा म्हणाली, चुकून लागला.

त्या रविवारी दुपारी विमलताई आपण होऊन तिच्याजवळ येऊन बसल्या. हातात काहीच काम नव्हतं, आणि आईला रिकाम्या हातानं बसलेलं अपेक्षानं क्वचितच पाहिलं होतं.

"मी नवी नवरी होती," त्या म्हणाल्या, "तेव्हाची गोष्ट सांगतो. पेरणीले गेलतो सगळे. मी पाणी पेली अन्‌ मंग मले लागली. सासूबाईले सांगतलं. त्या काही बोलल्या नाही. नुसतं तुह्या आजोबाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. थे वखर हाकत होते, त्याईले माहीतबी नव्हतं. तरी त्याईनं पाह्यलं. मी म्हटलं, राहू द्या, नाही लागली. घरी येईपर्यंत थांबली. त्या दिवसापासून वावरात पाणी सोडलं."

"आजी काहीच नाही बोलली?"

"एक शब्द नाही. चांगली होती बिचारी. माह्या बाळंतपणात तिनंच केलं सगळं." विमलताई तिच्याकडे वळल्या. "तूबी तं शाळेतून बाटली भरलीची भरली आणे. मी रोज वतून दे. तुले कोणी सांगतलं होतं?"

अपेक्षानं आठवून पाहिलं. बाई, मैत्रिणी, आजी, आई. कुणाचाच चेहरा पुढे येईना. कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला तिच्या पाचवीतल्या बाटलीचा रंग आठवत होता, पण ती बाटली प्यायची नाही हे आपल्याला कधी आणि कसं कळलं, ते काही केल्या आठवेना.

ती ताडकन उठली. आई म्हणाली, "काय झालं वं?" पण ती आधीच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. इतके दिवस ती कारणं विचारत फिरत होती, आणि बाया बिचाऱ्या कारणं देत होत्या: रस्ता, डुकरं, मीटिंग, पोरं. विचारलं म्हणून तयार केलेली कारणं. विचारायला हवं होतं ते वेगळंच. हे तुम्ही कधीपासून करता? तेव्हा तिथं कोण होतं? जो नियम कुणी तोंडानं सांगत नाही, तो एका बाईकडून दुसरीकडे जातो कसा? ते तिला माहीत नव्हतं. कपाटातल्या कुठल्याही प्रबंधात तिनं ते वाचलेलं नव्हतं.

"आई, हे लिहू का मी?"

विमलताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "माहं नाव टाकशीन नोको," शेवटी म्हणाल्या. "अन्‌ सासूबाईचं वाईट दिसन असं लिवू नोको."

उन्हाळ्याच्या तोंडावर पुढची बैठक झाली. तोच हॉल, तीच गार हवा. विषय वाचून दाखवला तेव्हा एक तरुण सदस्य खाली पाहून हसू दाबू लागले. दुसऱ्यांनी विचारलं, की संडास नाहीत हे सरळ कारण दिसत असताना यात संशोधन ते काय? अपेक्षाला उठून उभं राहावंसं वाटत होतं. तिनं खुर्चीचे हात धरून ठेवले आणि अंगणवाडीची गोष्ट सांगितली, मालकिणीची सांगितली, आणि कुणाची ते न सांगता एका नव्या नवरीची सांगितली.

पिकल्या केसांचे सर आजही होते. "आणि उद्देश?" त्यांनी विचारलं. "यातून निष्पन्न काय होईल?"

"ते मला अजून माहीत नाही, सर. मागच्या वेळी माहीत होतं."

सर हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. नंतर बरीच चर्चा झाली, तिला वगळून, तिच्यासमोरच. समितीनं शीर्षक बदलून ‘महागाव तालुक्यातील शेतीकाम करणाऱ्या स्त्रियांच्या जलसेवन-वर्तनाचा समाजशास्त्रीय अभ्यास’ असं केलं. जलसेवन-वर्तन हा शब्द ऐकून तिला कसंतरीच झालं. पण विषय मंजूर झाला होता. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "छान. आता खरं काम सुरू. रडू नकोस, बसमध्ये लोक बघतात."

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घरी पोचेपर्यंतच टिकला. मग नवी धाकधूक सुरू झाली. बाया बोलतील का? बोलल्या तर खरं बोलतील का? की मला बरं वाटावं म्हणून पुन्हा कारणं रचतील? आपल्या विचारण्यामुळेच त्या जास्त लाजायला लागल्या तर?

निंदणीचे दिवस आले. शेजारच्या गावात जायचं होतं आणि एसटीची वेळ जुळत नव्हती. रामराव मोटरसायकल काढून अंगणात उभे राहिले. त्या दिवशीच्या भांडणानंतर या विषयावर बापलेकीत एक शब्द झालेला नव्हता. गावाच्या शिवारात एका वावरात दहा-बारा बाया ओळीनं बसून सोयाबीन निंदत होत्या. वावराचा मालक रामरावांच्या ओळखीचा निघाला. त्यानं विचारलं, पोरगी कायले आली?

"सर्वे आहे," रामराव म्हणाले. "सरकारचा."

अपेक्षा गाडीवरून उतरत होती, ती थबकली. बापाचं तोंड राखायचं असेल तर गप्प राहणं सोपं होतं. सरकारचं म्हटलं की बायाही पटापट बोलल्या असत्या, घरकुलाच्या नाहीतर संडासाच्या आशेनं. ती बापाकडे पाहत म्हणाली, "बाबा, तसं नाही सांगता येत. खोटं होते थे." रामरावांनी मान दुसरीकडे वळवली. "मी तिकडं पानठेल्यावर बसतो," म्हणाले, "झालं की आवाज दे," आणि मालकालाही खांद्याला धरून सोबत घेऊन गेले.

ती धुऱ्याच्या बांधावरून खाली उतरली. बायांनी मान वर करून पाहिलं. सगळ्यांत कडेला एक उंच, काटक बाई होती, तोंडाला पदर बांधलेली. धनीबाई नाव, असं तिनं सांगितलं.

"मी कॉलेजात शिकवतो," अपेक्षा म्हणाली. "बाया वावरात पाणी पेत नाही, त्याचा अभ्यास करून राह्यली. हे सरकारचं नाही. याच्यातून तुमाले काही भेटणार नाही. सांगायचं नसन तं नका सांगू."

धनीबाईनं विळा थांबवला नाही. "काहीच भेटत नाही तं मंग कायले विचारतं?"

आराखड्यात उद्देश लिहिलेला होता, समितीनं वाचलेला, मंजूर केलेला. त्यातलं एक वाक्यही इथं, या चिखलात, कामाचं नव्हतं.

"मीबी नाही पेत," अपेक्षा म्हणाली. "मले समजून नाही राह्यलं, काहून."

धनीबाईनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तोंडावरचा पदर खाली ओढला. शेजारच्या बाईनं काहीतरी म्हटलं, दोघी हसल्या, पण ते हसणं चौकातल्यासारखं नव्हतं. मग धनीबाई थोडी सरकली आणि आपल्या शेजारच्या ओळीकडे विळ्यानं दाखवत म्हणाली, "उभ्यानं नोको विचारू. इथं बस. निंदतानी विचार."

अपेक्षा चपला धुऱ्यावर काढून ओळीत बसली. गुडघे चिखलात गेले. बायांची रांग पुढे सरकत होती, तिच्या हाताला गवत कुठलं आणि सोयाबीन कुठलं ते पटकन कळत नव्हतं, आणि ती मागे पडत होती. तरी तिनं विचारलं, "मावशी, पयल्यांदा कधी झालं थे आठवते का?"

"आठवते," धनीबाई म्हणाली, आणि सांगू लागली.